चोथा कुठे गेला?

ताई, नमस्कार.

आमचं मूळ गाव मालवणजवळ, राहणं ठाण्यात. मी 46 वर्षांची, बँकेत नोकरी करते. घरात सासूबाई, नवरा आणि बारावीतली मुलगी. गेल्या डिसेंबरात नवऱ्याला (वय 51) मधुमेह निघाला. गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी बजावलं, ‘ताटात भाजी वाढवा.’ अडचण अशी, की ह्यांना भाजी आवडतच नाही. मासे, भात, सोलकढी, कुळथाची पिठी, की माणूस खूश. भाजी म्हणजे फक्त बटाटा. मग त्यांनी स्वतःच तोडगा काढला. सतरा हजारांचा कोल्ड प्रेस ज्यूसर आणला. रोज सकाळी दोन गाजरं, एक बीट, एक सफरचंद, दोन मोसंबी आणि आल्याचा तुकडा. ग्लासभर रस पितात आणि रात्री भाजी वाढली की म्हणतात, ‘माझी भाजी सकाळीच झाली.’ फिरायला जातात तिथल्या मित्रमंडळींबरोबर गाडीवरचा दुधी-कारल्याचा रसही घेतात.

मुलीचं हिमोग्लोबिन 10.4 आलंय. ती मोबाइलवर बघून कच्चा पालक, केळं, खजूर आणि मध यांची हिरवी स्मूदी करते. गोळ्या नकोत, पालकात भरपूर लोह असतं, म्हणते. सासूबाईंचा जीव चोथ्यात अडकलाय. रोज वाटीभर लालभडक चोथा कचऱ्यात जाताना बघून त्या म्हणतात, ‘भाजी तर ही फेकली, मग प्यायलात काय?’ शिवाय पावसाळ्यात कच्चा पाला खायचा नाही, हे त्यांचं पालुपद. रोज सकाळी यावरून जुंपते. रसाला भाजी म्हणायचं का? कच्चा पालक चालतो का? आणि हा ज्यूसर ठेवू की विकू?

— ज्यूसर आणि मिक्सरच्या मधे सापडलेली, ठाणे

*

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हे सदर लिहायला लागल्यापासून आहाराबद्दल इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. ‘भाजी तर ही फेकली, मग प्यायलात काय?’ माझं अर्धं उत्तर या एका वाक्यातच आहे.

पण त्याआधी एक गोष्ट घाईची आहे. बाकीचं पत्र सावकाश वाचा, हे आजच यजमानांच्या कानावर घाला. दुधी-कारल्याचा तो रस बंद. उद्या सकाळपासून.

दुधी, काकडी, दोडका, भोपळा या वेलांमध्ये कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. किडीपासून बचावासाठी वेल ती तयार करतो. आपण खातो त्या दुधीत ती नगण्य असतात, म्हणून दुधी गोडसर लागतो. पण एखाद्या फळात त्यांचं प्रमाण वाढतं आणि ते फळ बाहेरून अगदी इतरांसारखंच दिसतं. कळतं फक्त चवीवरून. कडू दुधीचा रस पोटात गेला तर थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू होतात. प्रकरण चिघळलं तर रक्ताची उलटी होते, रक्तदाब कोसळतो. त्यावर उतारा असं औषध नाही. 2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. समितीचं सांगणं सरळ होतं: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर टाकून द्या, आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका.

या शेवटच्या सूचनेचं कारण तुमच्या पत्रातच आहे. कारलं कडूच असतं. ते मिसळलं की दुधी कडू होता की नव्हता हे कळणार कसं? गाडीवाला सकाळच्या गर्दीत प्रत्येक दुधी चाखत बसत नाही. वर आपल्याकडे कडू म्हणजे औषधी असा पक्का समज, त्यामुळे माणूस तोंड वाकडं करून शेवटच्या घोटापर्यंत पितो. कडू दुधी शिजवूनही खायचा नाही, ही द्रव्यं उकळून जात नाहीत. काकडीचं टोक कापून चाखायची आपल्या आज्यांची सवय याचसाठी होती.

कारल्याबद्दल वेगळं सांगते. भाजी म्हणून कारलं जरूर खावं. रोज रिकाम्या पोटी पेलाभर रस, आणि वर मधुमेहाची गोळी, हे मात्र डॉक्टरांना न सांगता करू नये. काही गोळ्यांच्या जोडीला कारल्याच्या रसाने साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, तर त्याचा दोष गोळीवर जातो आणि गोळी बदलली जाते, कारण रसाबद्दल डॉक्टरांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता चोथ्याकडे वळू.

यजमानांच्या ग्लासाचा मी ढोबळ हिशेब मांडला. दोन गाजरं, एक बीट, एक सफरचंद, दोन मोसंबी: सोलून चिरून सहाशे ग्रॅमच्या आसपास माल. त्यातून साडेतीनशे मिलीचा एक मोठा ग्लास निघाला असं धरू. त्या ग्लासात 30 ते 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सात-आठ चमचे. वरून चिमूटभरही साखर घातलेली नाही, सगळी फळा-भाजीची स्वतःचीच. पण जागतिक आरोग्य संघटना रसातल्या साखरेला ‘मोकळी साखर’ म्हणते आणि ती चहातल्या साखरेच्याच रांगेत मोजते. मोकळी साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत असावी आणि जमलं तर 25 च्या आत, असा तिचा सल्ला आहे. सकाळचा चहा व्हायच्या आतच यजमानांनी पंचविसाचा आकडा ओलांडलेला असतो.

तेच सफरचंद चावून खाल्लं असतं तर ती साखर ‘मोकळी’ धरली गेली नसती. फरक तंतूंचा, म्हणजे फायबरचा आहे. फळाच्या पेशींच्या भिंतींत साखर कोंडलेली असते. चावताना, पोटात घुसळताना ती हळूहळू सुटते. ज्यूसर त्या भिंती पिळून बाहेर टाकतो. तुमच्या सहाशे ग्रॅम मालात मिळून दहा-बारा ग्रॅम तंतू असतात आणि त्यातले बहुतेक तुमच्या कचऱ्याच्या डब्यात जातात. मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू हवेत. म्हणजे जवळपास अर्ध्या दिवसाचा वाटा रोज सकाळी आठ वाजता ओल्या कचऱ्यात. डॉक्टर ‘भाजी वाढवा’ म्हणाले ते या तंतूंसाठीसुद्धा. तंतू साखर चढण्याचा वेग कमी करतात, पोट भरल्याची जाणीव देतात, सकाळचं पोट साफ ठेवतात. रसात जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम उतरतं, मी नाकारत नाही. पण मधुमेह्याने भाजीतली साखर प्यायची आणि भाजी फेकून द्यायची, हा व्यवहार उलटा झाला.

तेव्हा ‘रसाला भाजी म्हणायचं का?’ याचं उत्तर: फार तर नावापुरतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा लोकांना दिवसाला भाजी-फळांचे पाच वाटे खायला सांगते. त्यात रस आणि स्मूदी मिळून फक्त 150 मिली मोजायचे आणि कितीही प्यायलात तरी तो एकच वाटा, असा तिथला नियम आहे. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाच्या ताटात साधारण 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं धरलेली आहेत. बटाटा या चारशेत येत नाही, हे यजमानांना हळू आवाजात सांगा.

चारशे ग्रॅम ऐकून घाबरू नका. शिजलेली वाटीभर पालेभाजी म्हणजे कच्ची शंभर-सव्वाशे ग्रॅम. एक मध्यम काकडी दीडशेच्या घरात, एक टोमॅटो ऐंशी-नव्वद. दोन्ही जेवणांत एकेक वाटी भाजी, एक कोशिंबीर आणि एक सार, की गाडी स्टेशनात शिरलीच.

चोथ्याची थालीपिठं करता येतात असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. येतात. भाजणीत बीट-गाजराचा चोथा मळला की रंगही झकास येतो. पण आधी सतरा हजारांच्या यंत्राने रस वेगळा काढायचा आणि मग तोच चोथा पिठात मळून खायचा, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? गाजर किसून थेट थालीपिठात घाला.

मी हे उंच आसनावर बसून बोलत नाहीये. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला गाजराच्या रसाचं वेड लागलं होतं. कांती उजळते म्हणून रोज सकाळी मोठा ग्लास. दोन महिन्यांत तळहात आणि तळपाय पिवळे झाले. आईला वाटलं कावीळ. ती मला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी खालची पापणी ओढली, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आहे असं बघितलं आणि विचारलं, ‘गाजरं किती खातेस?’ कावीळ डोळ्यांत दिसते, गाजरातलं कॅरोटीन हे रंगद्रव्य कातडीत दिसतं, डोळ्यांत नाही. रस बंद केल्यावर उतरायला बरेच आठवडे लागले. धोका काही नव्हता, पण हळदीच्या नवरीसारखे हात घेऊन प्रात्यक्षिकाची परीक्षा दिली. चावून कुणी रोज अर्धा किलो गाजरं खात नाही. जबडा दुखतो आणि माणूस थांबतो. रसात ते थांबवणारं कुणी नसतं.

स्मूदीचं गणित वेगळं आहे. मिक्सरमध्ये भाजी बारीक होते, चोथा आतच राहतो. त्यामुळे तुमच्या घरात यंत्रांची स्पर्धा लावायची तर माझं मत मुलीच्या मिक्सरला. फक्त ती त्यात घालते ते बदलायला हवं. केळं, खजूर आणि मध एकाच भांड्यात म्हटल्यावर ती खीर झाली. पालक तिथे रंगापुरता आहे.

लेकीच्या हिमोग्लोबिनबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे माझी काळजी जास्त आहे. तिच्या वयाला 12 च्या खाली गेलं की त्याला पंडुरोग म्हणतात. 10.4 हा पालकाने भरून निघणारा खड्डा नाही. पालकात लोह आहे, पण ते शरीराला नीट घेता येत नाही. भाजीतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, आणि पालकातली इतर द्रव्यं त्यात आणखी खोडा घालतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्यायच्या, सांगितले तितके महिने. हिमोग्लोबिन वाढलं तरी साठा भरायला वेळ लागतो, म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. गोळीने पोट बिघडतं म्हणून ती टाळत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते गोळी बदलून देतील. पाळीत रक्तस्राव फार होतो का, जंतांचं औषध कधी घेतलं होतं, हेही त्यांच्याशी बोला. तुम्ही मासे-मटण खाणारे, ही जमेची बाजू. मांस-मासळीतलं लोह भाजीपेक्षा चांगलं अंगी लागतं. अळीव, बाजरी, कडधान्यं यांच्यावर लिंबू पिळायचं आणि जेवणानंतर लगेच चहा घ्यायचा नाही. बारावीचं वर्ष आहे. अभ्यासात लक्ष लागत नाही, थकवा येतो, याचं कारण कधीकधी क्लासमध्ये नसतं, रक्तात असतं.

‘हिरवा रस म्हणजे हिरवं रक्त’ असं ती कुठेतरी ऐकून आली तर तेही सांगून ठेवा. गव्हांकुराच्या रसावरही हेच लिहिलेलं असतं. पानातल्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह. आकृती काढली तर दोन्ही चुलतभावंडांसारखी दिसतात खरी, पण पोटात गेलेल्या हरितद्रव्याचं रक्त होत नाही.

आता कच्चा पालक. सासूबाई पुन्हा बरोबर. पावसाळ्यात पालेभाजी चिखलात वाढते, पानांवर माती, अळ्या, जंतांची अंडी, गढूळ पाण्यातले जंतू असं सगळं गोकुळ नांदत असतं. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की अळ्या-किडे सुटतात, तीन-चार पाण्यांनी धुतलं की माती जाते. जंतू मात्र खात्रीने शिजवल्यावरच मरतात. म्हणून निदान पाऊस संपेपर्यंत मिक्सरमध्ये कच्चा पाला नको.

दुसरं कारण पावसाळ्यापुरतं नाही. पालकात ऑक्झलेट नावाचं द्रव्य भरपूर असतं. पोटात ते कॅल्शियमला भेटलं तर दोघं मिळून शौचावाटे निघून जातात. नाही भेटलं तर ते रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडातून गाळलं जातं. ज्यांना मुतखड्याची सवय आहे त्यांना हे महागात पडतं. रोज जुडीच्या जुडी कच्चा पालक किंवा तशाच भाज्यांचा रस महिनोन्‌महिने पिऊन मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत. भाजी करून माणूस एका बैठकीत कितीसा पालक खाणार? मिक्सर मात्र अख्खी जुडी दहा सेकंदांत एका पेल्यात बसवतो. उपाय सोपा आहे. पालक उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालायचा, ते पाणी ओतून द्यायचं, मग वाटायचा. बरंचसं ऑक्झलेट पाण्याबरोबर जातं. थोडं क जीवनसत्त्वही जातं, ते लिंबू पिळून भरून काढा. आणि दही किंवा ताक घातलं की उरलेल्या ऑक्झलेटला कॅल्शियम पोटातच गाठतं. हे दह्याचं मूत्रपिंडासाठी झालं. लोहाची गोळी मात्र दही-दुधाबरोबर घ्यायची नाही, तिची वेळ वेगळी ठेवा.

जाता जाता: अळू, शेवळं, सुरण असलं काही ‘रानभाजी स्मूदी’ म्हणून कच्चं मिक्सरमध्ये टाकायचा विचार लेकीच्या डोक्यात येऊ देऊ नका. चिंच-कोकम घालून नीट शिजवूनही अळू कधी घसा खाजवतं, कच्च्याचं काय होईल ते तुमच्या मालवणच्या माणसांना सांगायला नको.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. मासे, भात, सोलकढी, कुळथाची पिठी, की माणूस खूश. म्हणजे तुमचे यजमान भाजीचे वैरी नाहीत. त्यांना पातळ आवडतं, भातावर ओतायला आणि वाटी तोंडाला लावायला. भाजीतलं त्यांना नको असतं ते तोंडातलं गुळगुळीत किंवा दोरे-दोरे. भेंडीची तार, दुधीचा लगदा, गवारीचा धागा. असे लोक मी चिक्कार पाहिलेत. लहानपणी कुणीतरी ‘संपव’ म्हणून डोळे वटारलेले असतात आणि तो घास पन्नाशीतही घशात अडकलेला असतो. त्यांच्या बाबतीत घोटलेली, वाटलेली भाजी हा अगदी योग्य रस्ता आहे. फक्त तो गोड नको, आणि गाळलेला नको.

आपल्या स्वयंपाकात तो रस्ता कधीपासून आहे. ताकातला चाकवत म्हणजे दुसरं काय? पालेभाजी शिजवायची, रवीने घोटायची, ताक आणि डाळीचं पीठ लावायचं, वरून लसणीची फोडणी. अळूचं फदफदं, पालकाची पातळ भाजी, टोमॅटोचं सार, सगळी त्याच घराण्यातली. यांना कुणी स्मूदी म्हणत नाही, कारण ती गरम असतात आणि काचेच्या बाटलीत मिळत नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, ते सांगते. सकाळचा रसाचा ग्लास काढून घेतला तर यजमान रुसतील, त्यामुळे ग्लास तोच ठेवायचा, आतला माल बदलायचा. अर्धी जुडी पालक वर सांगितल्यासारखा उकळून, पाणी टाकून, गार करायचा. त्यात सोललेली अर्धी काकडी (चाखून), थोडी कोथिंबीर, पुदिन्याची आठ-दहा पानं, आल्याचा तुकडा, अर्धी हिरवी मिरची. काकडी-कोथिंबीर-पुदिना कच्चंच जाणार, तेव्हा ते भरपूर पाण्यात धुवा. पाऊस संपेपर्यंत मात्र कोथिंबीर-पुदिनाही पालकाबरोबर क्षणभर उकळत्या पाण्यातून काढा. सगळं मिक्सरमध्ये अगदी मऊ वाटायचं. दही नंतर, वाटीभर, रवीने किंवा चमच्याने घुसळून. मिक्सरमध्ये दही फिरवलं की नुसता फेस होतो. जिऱ्याची पूड, बेताचं मीठ, हवं तितकं पाणी. गाळायचं नाही. याचे दोन पेले होतात. एक त्यांचा, दुसरा तुमचा. बाईसाहेब, तुमच्या पत्रात बाकी तिघांबद्दल आहे, तुम्ही स्वतः काय खाता याबद्दल एक ओळ नाही.

हा पेला नाश्त्याबरोबर घ्यायचा, नाश्त्याऐवजी नाही, आणि घाईत घटाघटा नाही. पातळ पदार्थ पोटात लवकर जातो आणि मेंदूला कळेपर्यंत पुन्हा भूक लागते. जोडीला अंडं किंवा मुगाचं धिरडं असू दे.

बीट त्यांना आवडत असेल तर उकडून, ताकाबरोबर वाटून, वर तुपात जिरं-हिंगाची फोडणी. रंगाने डोळे दिपतात. दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर घाबरून धावू नका, काही जणांना बीट खाल्ल्यावर तसं होतं. गाजर आणि लाल भोपळा टोमॅटोबरोबर उकडून, वाटून सार करा. त्याला तुपाची फोडणी हवीच, कारण गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. भोपळा शिजवून वाटला की साराला जो दाटपणा येतो त्याला पिठाची गरज लागत नाही.

आणि पिठी! कुळथाची पिठी करताना मूठभर शेवग्याचा पाला धुऊन, बारीक चिरून उकळत्या पाण्यात आधी सोडा, मग पीठ. गोकुळाष्टमीला तुमच्याकडे शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या होत असतीलच, म्हणजे चव ओळखीची. पहिल्या दिवशी पाला इतका बारीक चिरा की कोथिंबीर वाटावी. आठवडाभराने सुरी जरा मोठी फिरवा. फसवणूक करा असं मी म्हणत नाहीये. विचारलं तर खरं सांगायचं. पण विचारेपर्यंत सांगायची घाई नको.

‘माझी भाजी सकाळीच झाली’ याला मात्र उत्तर द्यावं लागेल. एका पेल्यात फार तर सव्वाशे ग्रॅम भाजी जाते. चारशेतले दोनशे पंचाहत्तर अजून बाकी. मधुमेहाच्या माणसाला आकडे आवडतात, रोज सकाळी बोट टोचून तो आकडाच बघत असतो. त्यांना हाही आकडा द्या. दोन आठवडे जुना रस बंद करून हे चालू ठेवा आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी साखर तपासा. तुमच्या-माझ्या बोलण्यापेक्षा ते यंत्र लवकर पटवेल.

एक खबरदारी. यजमानांचं क्रिएटिनिन तपासलंय ना? मधुमेहात मूत्रपिंडावर लक्ष ठेवावंच लागतं. ते बिघडलेलं असेल तर भाज्यांच्या रसातलं पोटॅशियमही मोजून घ्यावं लागतं, तेव्हा यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. सासूबाई रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी घेत असतील तर त्यांच्या ताटातल्या हिरव्या भाज्या अचानक दुप्पट करू नका. त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा हिशेब चुकतो. रोज सारख्याच प्रमाणात खाल्ल्या तर अडचण नाही.

राहिला ज्यूसर. विकू नका, सतराचे सात हजारही येणार नाहीत आणि घरात कायमचा विषय होऊन बसेल. आवळ्याच्या दिवसांत आवळ्याचा रस काढा, चमचा-दोन चमचे पाण्यात घालून घेण्यापुरता. पण त्याचं खरं काम मला वेगळंच सुचतंय. अशा पुष्कळ यंत्रांत नारळाचं दूध निघतं. माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलं असेल तर खोबऱ्याचे बारीक तुकडे कोमट पाण्याबरोबर थोडे थोडे सोडून बघा. रविवारी सोलकढीचा रस यजमानांनी काढायचा, यंत्र त्यांचं आहे. कोकमाचं आगळ किती, लसूण किती, ते सासूबाई सांगतील. मधुमेह असला तरी जेवणाबरोबर वाटीभर सोलकढी चालेल, साखर न घालता. आणि नारळाचा चोथा उरेल तो डब्यात टाकायच्या आधी सासूबाईंना विचारा. त्याची सुकी चटणी कशी करायची हे त्यांना माहीत असणार.